साचेखात्यातली बोली

बहिऱ्या माणसाशी बोलायचा लोकांना कंटाळा येतो. तोंडावर कुणी कबूल करणार नाही, पण खरं ते खरं. एकदा ओरडून सांगतात, दुसऱ्यांदा ओरडून सांगतात आणि तिसऱ्यांदा हात झटकून म्हणतात, ‘जाऊ दे, काही नाही.’ अहो, काही नाही कसं? दोनदा घसा फोडलात तो काय उगाच? पण नाही. बहिऱ्याच्या वाट्याला जगातलं निम्मं बोलणं हे असं ‘काही नाही’ होऊन येतं, आणि सहदेव धुरीच्या वाट्याला तर जोगेश्वरीला आल्यापासून बहुतेक तेवढंच येत होतं.

सहदेव जन्माचा बहिरा नव्हता. कुडाळजवळच्या गावातून मुंबईला आला तेव्हा त्याला मैलावरून भजनाची पेटी ऐकू यायची. पण सव्वीस वर्षं त्यानं लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात काढली. साचा म्हणजे कापड विणायचा माग. असे आठशे साचे एका छपराखाली धडधडत असायचे. तिथं देव जरी येऊन कानात ओरडला असता तरी ऐकू आला नसता. पाचसहा वर्षांत बारीक आवाज गेले, मग मोठे गेले, आणि शेवटी डाव्या कानाशी तोंड नेऊन कुणी ओरडलं तर थोडंफार कळायचं, तेवढंच उरलं. गिरणीत त्याचं कुणालाच नवल नव्हतं. सगळेच तसे.

आणि सगळेच तसे म्हटल्यावर अडत कुणाचं नव्हतं! साचेवाल्यांची स्वतःची बोली होती, हातांची. मिशीला पीळ दिला की जॉबर, म्हणजे मुकादम येतोय. पोटावर चापट मारली की डबा. दोन्ही तळवे पाण्यासारखे हलवले की गाव. चार साच्यांपलीकडच्या माणसाशी सासूबद्दल, गणपतीच्या रजेबद्दल, पोरीच्या लग्नाबद्दल सगळं बोलता यायचं, आणि साचा एक क्षण थांबायचा नाही. त्यातच तर खरी शान होती. साचा आपला आपण चालतो, माणसानं सुतावर नजर ठेवायची आणि हात बोलायला मोकळे. बोलण्यासाठी साचा थांबवणारा गडी म्हणजे कच्चा गडी, त्याची आठवडाभर टिंगल व्हायची.

या बोलीतला राजा होता दशरथ. सहदेवच्या समोरच्या रांगेतला, त्याच्याच तालुक्यातला, वयानं दोनचार वर्षांनी लहान. हा बाबा दोन हातांवर सबंध दशावतारी नाटक उभं करायचा, संकासुरासकट! जॉबरची चाल, मॅनेजरचं पोट, गावच्या भटजीचं शिंकणं, काही म्हणून सोडायचा नाही. सहदेव हसून हसून साच्यावर ओणवा व्हायचा. सव्वीसातली अठरा वर्षं हे दोघे समोरासमोर उभे राहिले, आणि एकमेकांचा आवाज म्हणाल तर त्यांनी सणासुदीलाच ऐकला असेल.

मग ब्याऐंशीचा संप आला. त्याच्याबद्दल मी काय सांगू, घराघरात माहीत आहे. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं, गिरणीचं फाटक काही उघडलं नाही. सहदेवची बायको जानकी दोन पोरं घेऊन गावी गेली. जाताना म्हणाली, तुम्ही पण चला. सहदेव गेला नाही. कारण विचाराल तर त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण मी सांगते. गावाला त्याच्याशी बोलणार कोण? जानकी बोलायची ती चुलीकडे तोंड करून. त्याला दिसायची तिची पाठ. दरवर्षी रजेचा महिना तो गावी काढायचा, तो जायचा काही न कळता हसण्यात, कारण सगळे हसले की आपणही हसावं, एवढं त्याला जमायला लागलं होतं.

दशरथनं काम शोधलं. जोगेश्वरीला, पूर्वेला, लेण्यांच्या वरच्या अंगाला एका गाळ्यात चंद्रप्रकाशशेठ म्हणून एकाचं बिजागऱ्यांचं वर्कशॉप होतं. आठ पावर प्रेस, दोन रांगांत, समोरासमोर. पत्र्याचा तुकडा डायवर, म्हणजे खालच्या लोखंडी ठशावर ठेवायचा, पायानं पायडल दाबायचं, वरून लोखंडी मुंडी धाडकन खाली येणार, बिजागरीचं पान तयार. काढा, दुसरा ठेवा. दशरथ आधी लागला आणि महिन्याभरात त्यानं शेठला गळ घालून सहदेवला लावून घेतलं. नुसतं लावलं नाही, आपल्या समोरच्या प्रेसवर बसवलं. पहिल्याच दिवशी हातांनी म्हणाला, ‘परत गिरणीत आलो बघ.’ सहदेवच्या डोळ्यांत पाणी आलं. पन्नाशीतला बाप्या, पण आलं.

आता त्या प्रेसबद्दल. प्रत्येक प्रेसला येताना एक जाळी होती. ती खाली आल्याशिवाय पायडल दबायचं नाही, म्हणजे हात आत असताना मुंडी पडणं शक्यच नाही. झकास सोय होती. पण जाळी वरखाली करण्यात वेळ जातो म्हणून फिटर नंदकुमारनं शेठच्या सांगण्यावरून आठही जाळ्या सोडवून माळ्यावर टाकल्या होत्या. पत्रा आत ठेवायला चिमटे होते, ते खिळ्यांना टांगून गंजत होते. चिमटा वापरणाऱ्याला बाकीचे विचारायचे, ‘काय रे, बायकोच्या पोळ्या भाजतोस काय?’ म्हणून हात घालायचा, हात काढायचा, पाय मारायचा. हात, हात, पाय. दोन दिवसांत अंगाला ताल लागतो आणि मग पाय डोक्याला विचारत नाही.

आणि या दोघांचा जुना तोरा! अठरा वर्षं चालू मशीनवर बोललेली माणसं. त्यांना वाटलं, यंत्र ते यंत्र. पण साचा तुमच्यासाठी थांबत नाही, तो आपल्या तालानं चालतो. प्रेस थांबून असते. ती तुमच्या पायाची वाट बघत असते. एवढा फरक त्या दोघांना कळला नाही, कारण त्यांना तो कळायच्या आधी बोलायचं होतं. एका हातानं पत्रा, एका हातानं गप्पा. बाकीचे गडी बघून थक्क व्हायचे, नंदकुमार म्हणायचा, ‘साला, काय सर्कस आहे!’ आणि दशरथला ते ऐकून मूठभर मांस चढायचं.

त्याशिवाय दशरथचं घर होतं. दहिसरला नदीच्या अंगाला चाळीत खोली. दर रविवारी सकाळी सहदेव आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तिकडे जायचा. दशरथची बायको रत्नप्रभा त्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही. ती त्याच्या समोर बसून, तोंड त्याच्याकडे करून, सावकाश ओठ हलवून बोलायची. गिरणीतल्या माणसाची बायको ती, तिला माहीत होतं. म्हणायची, ‘भावजी, अजून घेवा. कोंबडो तुमच्यासाठीच असा.’ आठवड्यातले सहा दिवस प्रेसवरचं बोलणं आणि सातव्या दिवशी रत्नप्रभाच्या घरचं जेवण, एवढ्यावर सहदेव जगत होता. दुसरं त्याचं मुंबईत काही नव्हतं.

पंच्याऐंशी सालच्या जानेवारीतला सोमवार. साडेअकराचा सुमार असेल. सहदेवला भूक लागली होती. त्यानं पोटावर चापट मारली, भुवया उडवल्या. म्हणजे, डब्यात काय?

दशरथनं मान हलवली. ओळख.

सहदेवनं तळहात वळवळवला. मासा?

नाही.

सहदेवनं कोंबड्यासारखी मान पुढेमागे केली. कालचा उरलेला?

दशरथ हसला. डावा हात वर करून त्यानं काहीतरी सांगायला सुरुवात केली, कायतरी भलतंच असणार, कारण त्याचे खांदे आधीच हलायला लागले होते. उजवा हात डायवर होता. आणि पाय आपल्या तालानं पडला.

दशरथचं तोंड उघडलं. मोठ्ठं उघडलं, डोळे मिटले, मान मागे गेली. सहदेवला वाटलं, हसतोय. तोही हसला. दात दाखवून, खांदे उडवून हसला, आणि बाजूच्या रांगेतले गडी उठून धावायला लागले तेव्हा कुठं त्याला दिसलं की डायवर पत्रा लाल झाला आहे.

किती वेळ हसला असेल? दोन सेकंद. तीन. अहो, तीन सेकंदांत काय होतं म्हणाल! पण दशरथनं डोळे उघडले होते, आणि त्याला समोर दिसला होता तो हसणारा सहदेव.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. कामगार इस्पितळात दहा दिवस ठेवून घरी सोडलं. गाळ्यात त्याच दुपारी पुसापुशी झाली, नारळ फुटला, प्रेस पुन्हा चालू. दशरथच्या जागेवर दुसरा माणूस बसला. तो दिवसभर तंबाखू चघळायचा, त्याच्या ओठांवरून सहदेवला एक अक्षर समजायचं नाही. सहदेवनं सवयीनं एकदा पोटावर चापट मारली, तर तो म्हणाला असावा, ‘काय, पोट दुखतंय?’ आणि मग हात झटकला. काही नाही.

कसं झालं, असं सहदेवला कुणी विचारलंच नाही. समोरचा एकटा साक्षीदार तो, पण बहिऱ्याला कोण ओरडून विचारत बसणार? बरं वाटलं त्याला आधी. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं.

दशरथ घरी आल्यानंतरच्या रविवारी तो दहिसरला गेला. रत्नप्रभानं दार उघडलं, ती सुकून गेली होती, पण तिनं पाट मांडला. दशरथ भिंतीला टेकून बसला होता, उजवा हात फडक्यात बांधून उशीवर ठेवलेला. डोळे मात्र तेच.

रत्नप्रभा सहदेवच्या समोर बसून, ओठ सावकाश हलवून म्हणाली, ‘झोप लागली म्हणतत. मशीनवर कोणाक झोप लागता काय भावजी? माझो घोव कधी झोपणारो न्हय. कोणाची दिष्ट लागली माझ्या संसाराक, त्येचा तळपट होवंदे!’

सहदेवनं दशरथकडे बघितलं. झोप?

दशरथनं बायकोकडे एकदा पाहिलं आणि डाव्या हाताची मूठ वळून अंगठा आत दाबला. साचेखात्यात त्याचा अर्थ एकच, हे आपल्या दोघांत. मग बोटांनी हळूहळू, डाव्या हाताला सवय नव्हती म्हणून चुकत चुकत, सांगितलं. इस्पितळात शेठचा माणूस आला होता. मी म्हटलं, डुलकी लागली. बोलत होतो म्हटलं असतं तर तुला काढलं असतं. तू गप्प राहा.

सहदेव भात नुसता चिवडत राहिला. रत्नप्रभा आणखी वाढत होती. तिला वाटलं, दुःखानं जेवत नाही. दुःख होतंच की, पण त्या दुःखात एक लबाडी बसली होती, आणि ती त्याला ताटात दिसत होती. आपण गप्प राहिलो तर हे ताट राहणार. तोंड उघडलं तर हे ताट जाणार. इतकं ते साधं होतं. त्या दिवशी त्यानं ताट ठेवलं. मी त्याला दोष देणार नाही. एकट्या माणसाला ताट म्हणजे काय, ते भरल्या घरातल्यांनी सांगू नये.

पण गोष्ट तिथं राहिली नाही. फेब्रुवारीत बातमी आली की सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार. मग बघा पळापळ! नंदकुमारनं माळ्यावरून आठही जाळ्या काढल्या, रॉकेलनं धुतल्या, बसवल्या. चिमटे घासूनपुसून प्रत्येक प्रेसवर ठेवले. चंद्रप्रकाशशेठनं सगळ्यांना गोळा करून शिकवणी घेतली. जाळी पहिल्यापासून होती. दशरथनं स्वतःच्या मनानं काढली. त्याला झोप लागली. त्यानं तसं लिहून दिलंय. ‘और जो आदमी मशीन पे सोता है, उसको वापस लेके मैं क्या करूँ? कल मर जाएगा तो?’

गडी माना डोलवत होते. सगळ्यांची पोटं होती. सहदेव मागे उभा होता, त्याला कुणी शिकवलं नाही. पण शेठ माणसांकडे तोंड करून, हातवारे करत, सावकाश बोलत होता, आणि सहदेवला अख्खं भाषण ओठांवरून समजलं. बहिऱ्यासमोर लोक काय काय बोलतात!

दशरथला परत घेणार नाहीत. डुलकीचं खोटं तो सहदेवसाठी बोलला होता आणि त्याच खोट्यानं शेठ त्याला बाहेर ठेवणार होता. सहदेव खोलीवर गेला. भात लावला आणि विसरला, करपला. लेण्यांच्या बाजूला जाऊन दगडावर बसला, अंधार पडायच्या आत परत आला. त्याला कुणाला तरी विचारायचं होतं, काय करू? आणि विचारायचा तो माणूस एकच होता, त्यानं तर आधीच सांगून ठेवलं होतं, गप्प राहा.

इन्स्पेक्टर आले. भीमराज त्यांचं नाव, किरकोळ अंगाचा, चष्मेवाला माणूस. एकेका गड्याला बोलावून विचारत होते. एकेक गडी शिकवलेलं बोलून जात होता. सहदेवची पाळी आली तेव्हा शेठ पुढे होऊन म्हणाला, ‘साहब, ये बहिरा है. इसको क्या पूछना!’

भीमराजसाहेबांनी शेठकडे बघितलं सुद्धा नाही. त्यांनी सहदेवला उजेडात बसवलं, स्वतः समोर बसले, चेहरा बरोबर त्याच्या चेहऱ्यापुढे आणला आणि ओठ नीट हलवून विचारलं, ‘तुम्ही समोर होतात. काय झालं?’

त्यांच्याही घरात कुणी बहिरं असावं. नाहीतर कुणाला एवढं सुचत नाही.

सहदेवला महिनाभरात पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. त्यानं तोंड उघडलं. त्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू येत नव्हता म्हणून तो फारच मोठा निघाला. अख्ख्या गाळ्यात घुमला. ‘झोप नाय! झोप नाय लागली त्याला. माझ्याशी बोलत होता. मी विचारलं, डब्यात काय. हातानं विचारलं. तो हातानं सांगत होता आणि पाय पडला.’

‘जाळी?’

‘माळ्यावर. आठही. परवा आणल्या खाली.’

नंदकुमारनं डोक्याला हात लावला. शेठचा चेहरा पांढरा पडला. साहेब लिहीत होते. सहदेवला थांबता येईना. ‘आणि मी हसलो, साहेब. तो ओरडत होता आणि मला वाटलं हसतो. म्हणून मीपण हसलो. लिवा तेपण. लिवा.’

साहेबांनी पेन ठेवलं. सावकाश म्हणाले, ‘धुरी, जाळी असती तर तुम्ही रामायण बोलला असतात तरी बोट गेलं नसतं. चूक जाळी काढणाऱ्याची आहे.’

सहदेवनं ओठ वाचले. समजलं त्याला. पण काही गोष्टी समजून उपयोग नसतो.

मग जे व्हायचं ते झालं. शेठवर केस झाली. वकिलानं त्याला सांगितलं, दशरथला कामावर घे, नाहीतर आणखी अडकशील, आणि त्या बहिऱ्याला हात लावू नको, तो साक्षीदार आहे. जाळ्यांचे सांधे वेल्डिंग करून पक्के केले. आणि साहेबांच्या हुकमानं प्रेसच्या रांगा फिरवल्या. समोरासमोर नकोत. आता प्रत्येक गड्याचं तोंड भिंतीकडे आणि पाठ दुसऱ्या रांगेकडे. बरोबरच होतं ते. सहदेवला विचारलं असतं तर त्यानंही हेच सांगितलं असतं. पण पहिल्या दिवशी तो त्या भिंतीपुढे बसला, चुन्याचा पांढरा रंग, खाली ओल, आणि त्याला एकदम वाटलं की आपण आपल्या हातानं आपली जीभ कापली.

दहिसरला जायची त्याची हिंमत झाली नाही. तीन रविवार गेले. साहेब जबाब घ्यायला दशरथच्या घरी गेले होते असं कानावर आलं, म्हणजे कुणीतरी त्याच्या कानात ओरडून सांगितलं, मोठ्या आवडीनं. तिथं सहदेवचा जबाब वाचून दाखवला म्हणे, सगळा. रत्नप्रभा ऐकत होती.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला दशरथ कामावर आला. त्याला पॅकिंगला बसवलं, गाळ्याच्या दाराजवळ, बिजागऱ्या मोजून पुड्यांत भरायच्या. सहदेवच्या पाठीमागे, दहा पावलांवर. दहा पावलं! गिरणीत चार साच्यांपलीकडचं अंतर याच्यापेक्षा जास्त होतं. पण तेव्हा तोंड समोर होतं.

सकाळभर सहदेवनं पाठीवर त्याची नजर आहे की नाही याचा अंदाज घेतला. काही कळलं नाही. पाठीला काय कळणार! दोनदा मान वळवून बघावं वाटलं, पण पाय पायडलवर होता, हात जाळीवर होते, आणि आता मान वळवणं त्याला जमेना. भीतीच बसली होती.

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा तो उठला. दशरथ खोक्यावर बसला होता, उजवा हात खिशात घातलेला. सहदेव त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. हात वर आले त्याचे, सवयीनं, आणि मग तसेच खाली गेले. आपल्या हातांना दशरथ उत्तर कुठल्या हातानं देणार? म्हणून त्यानं तोंडानं विचारलं, आणि आवाज पुन्हा मोठा निघाला, सगळे गडी वळून बघायला लागले.

‘दशरथा, माझ्यावर रागावलंस काय रे?’

दशरथनं त्याच्याकडे बघितलं. मग उठून त्याच्या अगदी समोर आला, तोंड त्याच्या तोंडापुढे आणलं, रत्नप्रभा आणायची तसं. आवाज त्यानं काढला की नाही कोण जाणे. सहदेवला नुसते ओठ दिसले.

‘नाय रे. तू बोललंस म्हणान मी आज हंय उभो आसंय.’

सहदेवचा जीव भांड्यात पडला. त्यानं मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली. डोळे भरून आले आणि ओठ धूसर दिसायला लागले म्हणून त्यानं घाईनं बाहीनं डोळे पुसले. दशरथ थांबला होता. त्याचं पुसून होईपर्यंत थांबला, आणि मग पुढचं बोलला.

‘पण घराक येव नको. तू हसलंस, ता तिका सोसणा नाय. तू कित्या हसलंस, ता माका म्हायत असा. पण तिका कसा समजावू?’

कसं समजावणार? कुणाला समजावणार? आठशे साच्यांच्या आवाजात उभं राहिल्याशिवाय कळणारी ती गोष्ट नव्हती, आणि ते साचे तर तीन वर्षं बंद होते. साऱ्या मुंबईत ही गोष्ट कळणारी माणसं दोन, आणि ती दोघं आत्ता एकमेकांसमोर उभी होती.

‘नको समजावू,’ सहदेव म्हणाला. ‘वयनीक माझो नमस्कार पण सांगू नको.’

 दशरथचा डावा हात थोडा वर आला. सहदेव बघत राहिला, पण हात तसाच खाली गेला.

सुट्टी संपल्याची घंटा झाली असावी, कारण गडी उठायला लागले. सहदेव आपल्या प्रेसवर जाऊन बसला. जाळी खाली घेतली, पाय दाबला, जाळी वर केली, बिजागरी काढली, दुसरा पत्रा चिमट्यानं ठेवला. त्या दिवशी तो सुट्टीपर्यंत एकदाही चुकला नाही. पाच वाजता हात धुऊन तो दाराकडे आला तेव्हा दशरथ आधीच निघून गेला होता, आणि रविवार यायला अजून सहा दिवस होते.